चारही पाय टेकेपर्यंत

मिल्या, तुझ्या शोकसभेत तू मान हलवत होतास. तुला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून आधी ही बातमी.

झालं असं, की सोसायटीच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवायला काहीतरी उंच हवं होतं. सेक्रेटरी सावंत धावत वर गेले आणि तू त्यांच्यासाठी केलेलं स्टूल घेऊन आले. त्यावर पांढरी चादर, वर तुझा तो ऑफिसच्या सहलीतला फोटो, पुढे मेणबत्त्या. बुद्धवंदना होईपर्यंत तू शहाण्यासारखा बसलास. मग सावंत बोलायला उभे राहिले, एक हात त्यांनी तुझ्या चादरीवर टेकवला आणि म्हणाले, "मिलिंद कधी कुणाशी भांडला नाही."

तू डावीकडून उजवीकडे मान हलवलीस.

"दिलेली वेळ त्याने नेहमी पाळली."

परत डावीकडून उजवीकडे, जरा जोरात.

पहिल्या रांगेत सुरेखावहिनींनी पदर तोंडाला लावला. मागच्या बायकांना वाटलं, बिचारीला हुंदका आला. मी माईकशेजारी उभा, मला समोरून स्वच्छ दिसत होतं. वहिनी हसत होत्या. मग रडायला लागल्या, मग दोन्ही एकदम. मी गणेशोत्सवात, लग्नात, क्रिकेटच्या बक्षीस समारंभात आयुष्यभर माईक धरला, पाऊस आला, लाईट गेली, तरी सोडला नाही. त्या दिवशी दुसऱ्याच्या हातात दिला आणि बाहेर लॉबीत जाऊन उभा राहिलो. तेव्हापासून नुसता फिरतोय. लिफ्टने वर जातो, काय काम होतं ते आठवत नाही, खाली येतो. वॉचमनने दोनदा विचारलं, साहेब काही हरवलंय का.

डुगडुगणाऱ्या त्या स्टुलाचा दोष नव्हता. स्टूल आपल्या चाळीसाठी जन्माला आलं होतं.

डिलाईल रोडच्या मागची आपली चाळ आठव. त्या लाकडी जमिनी. गिरणीतून आलेल्या माणसांच्या कितीतरी पिढ्यांनी चालून चालून फळ्या कुठे बसवलेल्या, कुठे फुगवलेल्या. पाणी सांडलं की आपलं आपण मोरीची वाट धरायचं, तेवढा एकच फायदा. बाकी दुकानातून आणलेली कुठलीही वस्तू त्या खोल्यांत नीट उभी राहायची नाही. कपाटं पुढे वाकून नमस्कार करायची. टेबलांखाली कॅलेंडरची पानं, काड्यापेट्या, चपलांचे तुकडे.

आणि मग तू. आठवडाभर विम्याच्या ऑफिसात फायली, आणि रविवार आला की गॅलरीत रंधा, करवत आणि भुसा. बाबूकाकी ओरडायच्या, "मिलिंदा, माझ्या पापडांवर भुसा उडतोय." तू म्हणायचास, "काकी, पापड विकत मिळतात, सागवान मिळत नाही." पण महिन्याभरात त्यांना पापड लाटायला पोळपाट करून दिलास, तेव्हापासून त्या पापड आत वाळत घालायला लागल्या.

तुझी काम करायची पद्धत मी लोकांना इतक्या वेळा नक्कल करून दाखवली आहे की आता खरं काय आणि माझं काय ते मलाही कळत नाही. तरी सांगतो. तू आधी मोजमाप घ्यायचा नाहीस. संध्याकाळी यायचास, चहा घ्यायचास, घरातलं माणूस कुठे बसतं, कुठे हात टेकतं ते बघत बसायचास. मग खिशातून ती हिरवी गोटी काढायची आणि जमिनीवर सोडायची. गोटी निघाली की तू तिच्यामागे गुडघ्यांवर. ती कुठे अडते, कुठे वळते, कुठल्या फळीशी जाऊन झोपते. घरातली सगळी श्वास रोखून बसलेली, जणू डॉक्टर छाती तपासतोय. शेवटी तू उठून निदान सांगायचास, "इथे ठेवायचं. इथून वीतभर हलवायचं नाही."

वस्तू करताना चारही पाय मुद्दाम लांब ठेवायचास. मग ठरलेल्या जागेवर उभी करून एकेक पाय त्याच्या खालच्या फळीप्रमाणे कापायचा. एक बोटभर, एक नखाएवढा, एक मधलाच. चौथा पाय टेकला की तू तळहाताने वर एक थाप मारायचास. आवाज भरीव आला की काम झालं. त्या जागेवर ती वस्तू अशी बसायची की भूकंप आला तर चाळ पडेल, स्टूल उभं राहील. पण वीतभर सरकवलं की डुगडुगायला लागायचं. झाडू मारून झाल्यावर वस्तू जागेवर नेमकी परत ठेवणं ही आपल्या मजल्यावरच्या बायकांची कला होती. जमिनीवर पायांच्या खुणा पडल्या होत्या घराघरात.

माझ्या आयेचं बुटकं स्टूल आठवतं? तिला गुडघ्यांमुळे मासे साफ करायला खाली बसता येईना. तुझ्या ऑफिसातला तो मित्र, कफ परेडच्या मच्छीमार नगरात राहणारा, त्याच्या काकाची होडी मोडीत निघाली होती. तिची फळी तू खांद्यावर टाकून बसने आणलीस. कंडक्टरने उतरवलं म्हणे दोनदा. स्टूल झालं सुरेख, पण कितीही घासलं तरी त्याला बांगड्याचा वास. आमची वैदेही गिरगावातली, शाकाहारी, नवीन लग्न झालेलं. ती दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "भाऊजी, याला पॉलिश नाही का करता येणार? चंदनाचं वगैरे?" आये म्हणाली, "मेल्या मिलिंदा, हात नको लावू हां. माका लहानपणापासून असोच वास आवडता."

मेल्या हा तिचा तुझ्यासाठीचा लाडका शब्द. तू गेल्यावर ती दोनदा तोंड उघडून गप्प बसलेली मी पाहिली. आता तुला नुसतं मिलिंद म्हणते. कुणी परका माणूस वाटतो.

आता आपल्या भांडणाकडे येतो. सावंतांना ते माहीत नाही, म्हणून तुला मान हलवावी लागली.

तू मला टेबल केलंस ते माझ्या मुलीच्या जन्माच्या आधी. म्हणालास, "तुझी ती सूत्रसंचालनाची बडबड मांडीवर कागद ठेवून लिहितोस, म्हणून वाकडी येते." टेबल ठेवलंस, थाप मारलीस, भरीव आवाज आला. तू घरी गेलास. मी बसलो, लिहायला लागलो, आणि टेबल हललं. थोडंसंच, पण हललं. मी तुला गॅलरीतून हाक मारली.

"मिल्या, टेबल हलतंय."

"टेबल नाही हलत. तुझी खोली हलते."

"बाकी कुणाच्या खोल्या हलत नाहीत त्या?"

"बाकीचे लोक बसल्यावर पाय हलवत नाहीत. तू लिहायला बसलास की तुझा उजवा पाय शिवणयंत्र चालवतो. मी टेबल तुझ्या जमिनीसाठी केलंय, तुझ्या पायासाठी नाही."

तेव्हापासून हे चाललं. मी म्हणायचं, टेबल वाकडं. तू म्हणायचं, फळी वाकडी. फळी तपासून झाली की माझा पाय वाकडा. तुझ्या मुलाच्या लग्नात, आहेर द्यायला स्टेजवर आलो तेव्हाही तू माझ्या कानात म्हणालास, "टेबल ठीक आहे ना?" मी म्हटलं, "हलतंय." तू फोटोत हसताना दिसतोस तो त्यावर.

मग चाळ पाडायची ठरली. मधली वर्षं आपण भाड्याच्या घरांत पांगलो, वस्तू कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गावाला. आणि एकदाचा टॉवर उभा राहिला. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी तू आधी स्वतःच्या घरात गेला नाहीस, माझ्या घरात आलास. रिकामा हॉल, चकचकीत फरशी. तू खिशातून हिरवी गोटी काढलीस आणि जमिनीवर ठेवलीस.

ती गेली नाही.

तू बोटाने हलकेच ढकललीस. थोडी गेली, थांबली. दुसऱ्या बाजूला ढकललीस. थांबली. मग तू खाली मांडी घालूनच बसलास त्या फरशीवर आणि बराच वेळ गोटीकडे बघत राहिलास. मी विचारलं, "काय झालं रे?" तू म्हणालास, "काही नाही. आता काम वाढलं."

मला वाटलं, नव्या किचनचं म्हणतोयस.

सामान आलं आणि सगळ्या मजल्यांवर एकच आवाज सुरू झाला. डुग, डुग. तुझी प्रत्येक वस्तू त्या चाळीच्या फळ्या पायात घालून आली होती. सपाट फरशीवर एकही टेकेना. सावंतांचं जेवणाचं टेबल असं हलायचं की आमटी त्यांच्याकडून सुनेकडे आणि परत. मी तुझ्याकडे आलो. तोवर तू आजारी पडला होतास, पलंगावरच असायचास, औषधांच्या वासात, आवाज मात्र तोच.

"मिल्या, लोक वैतागलेत. करवत घे, सगळ्यांचे पाय एका पातळीत आण. नाहीतर मला दाखव, मी कापतो."

"तू करवत धरलीस तर लोकांचे पाय कापशील. कापायचं नाही."

"मग काय, हलू दे?"

"थोडे दिवस हलू दे."

"का पण?"

तू भिंतीकडे तोंड केलंस. "पक्या, तुला सगळं लगेच हवं असतं. जा, चहा पी."

चिडून गेलो मी. हट्टी म्हातारा म्हणून मनात शिवी पण दिली. त्यानंतर आपण भेटलो, क्रिकेट बोललो, आयेच्या गुडघ्यांवर बोललो, हा विषय मात्र तू काढला नाहीस आणि मी पण मुद्दाम काढला नाही. मग एका सकाळी वहिनींचा फोन आला.

तुझ्या सभेनंतर सावंतांनी ठराव मांडला. येत्या रविवारी एक मिस्त्री बोलवायचा, मिलिंदच्या सगळ्या वस्तू खाली पार्किंगमध्ये आणायच्या आणि सगळ्यांचे पाय एकसारखे कापून घ्यायचे, मिलिंदच्या स्मरणार्थ. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो आणि म्हटलं, कापायचं नाही.

"का नाही?"

"तो नाही म्हणाला होता."

"का नाही म्हणाला होता?"

मला माहीत नव्हतं. सावंत काही वाईट माणूस नाहीत, ते शांतपणे म्हणाले, "प्रकाश, आमचंही प्रेम होतं त्याच्यावर. पण प्रेमापोटी आम्ही किती दिवस आमटी धरून जेवायचं?"

मला एवढंच दिसत होतं की कापलेले ते पाय म्हणजे आपली चाळ होती. कुठली फळी कुठे बसली होती त्याचा एवढाच पुरावा आता जगात उरला होता, तुझ्या हाताने काढलेला. रविवारी दुपारपर्यंत त्याचा भुसा झाला असता. आणि वरून तू नाही म्हणाला होतास. मी शनिवारी तुझ्या घरी गेलो. म्हटलं, वहिनींचा शब्द कुणी मोडणार नाही, त्यांनाच नकार द्यायला सांगू.

वहिनी म्हणाल्या, "वस्तू त्यांच्या आहेत, भाऊजी. मी कोण अडवणार."

मी हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागलो. तू असतास तर उशी फेकून मारली असतीस.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "गरगरतंय मला तुमच्याकडे बघून."

मी धपकन तुझ्या दिवाणावर बसलो. तोही तूच केलेला, तोही डुगडुगला, आणि खाली पत्र्याच्या पेटीत काहीतरी खडखडलं.

"काय आहे खाली?"

वहिनी म्हणाल्या, "यांची लाकडं आहेत. हे गेल्यापासून उघडायचा धीर होत नाही. तुम्हीच काढा."

पेटी ओढून काढली. मिल्या, आत लाकडाचे तुकडे होते. चार-चार एकत्र, जुन्या साडीच्या चिंध्यांनी बांधलेले. एक बोटभर, एक नखाएवढा, एक मधलाच. तू कापलेला एकेक पाय. इतक्या वर्षांत एक तुकडा टाकला नव्हतास. भाड्याच्या घरांतून ही पेटी वागवलीस. मी एक गठ्ठा नाकाशी नेला आणि मला बांगड्याचा वास आला.

मी वहिनींकडे बघितलं. त्यांचे डोळे भरलेले, पण तोंडावर ते सभेतलंच हसू.

"लग्न झाल्यावर मी एकदा हे तुकडे चुलीत घालायला निघाले होते," त्या म्हणाल्या. "तेवढे एकदाच हे माझ्यावर ओरडले. म्हणाले, एक दिवस सगळ्यांना सरळ जमिनीचं घर मिळेल. तेव्हा कापलेलं परत लावून द्यायला लागेल ना."

"मग मला का नाही सांगितलं? मी विचारलं होतं त्याला. समोर बसून विचारलं होतं."

"तुम्हाला तर मुळीच सांगायचं नाही म्हणाले. बरा झालो की एका रविवारी सगळ्यांचं एकदम करीन. पक्याला कळलं तर तो आदल्या दिवशीच माईकवरून जाहीर करेल."

खरं आहे. केलं असतं मी.

काल रविवार झाला. मिस्त्री आला, पार्किंगमध्ये तुझ्या वस्तूंचं संमेलन भरलं होतं. मी पेटी उघडली आणि सांगितलं, कापायचं नाही, लावायचं आहे. माईक न घेता सांगितलं, हे लक्षात घे. त्यानंतर जे झालं ते तुला बघायला हवं होतं. चिंध्यांवर नावं नव्हती. सगळे लोक खाली बसून, वस्तू उलट्या करून, लाकडाच्या रेषा जुळवत होते. बाबूकाकींची सून म्हणाली, हा तुकडा आमचा. सावंत म्हणाले, नाही, हा रंग आमच्या टेबलाचा. मिस्त्री गोंदाची बाटली धरून आधी हसत होता, मग तोही खाली बसला. एका पायाची रेषा जुळली की ओरडा व्हायचा. आये खुर्चीतून हुकूम सोडत होती, "वास घेवा, वास घेवा." दुपारपर्यंत एकेक वस्तू उभी राहिली. सावंतांनी आपल्या स्टुलावर तळहाताची थाप मारली. भरीव आवाज आला. त्यांनी परत मारली आणि मग तोंड फिरवून गाडीच्या काचेत बघत बसले.

माझ्या टेबलाचे तुकडे सगळ्यात शेवटी सापडले. मी घरी नेऊन स्वतः लावले. रेषा अशा जुळल्या की जोड शोधायला बोट फिरवावं लागतं. रात्रभर गोंद वाळू दिला.

आज सकाळी वहिनी बघायला आल्या. मी टेबलाशी बसलेलो. त्यांनी विचारलं, "बसलं का हो, भाऊजी? तुमच्या टेबलाची यांना शेवटपर्यंत काळजी होती."

"बसलं, वहिनी. दगडासारखं."

त्यांनी तळहात टेकवून दाबलं. तसूभर हललं नाही. त्या खूश होऊन गेल्या.

हललं नाही, कारण खालून मी गुडघा लावला होता.

त्या गेल्यावर मी उभा राहिलो. फरशीवर तुझी हिरवी गोटी ठेवली, वहिनींनी मला दिली आहे ती. गोटी जागची हलली नाही. म्हणजे जमीन सरळ. मी टेबलापासून दोन पावलं लांब उभा, दोन्ही पाय जागेवर. म्हणजे माझा पायही नाही. हात लांब करून एका बोटाने टेबलाचा कोपरा दाबला.

डुग.

टेबलच वाकडं आहे, मिल्या. पहिल्या दिवसापासून होतं. फळी नाही, खोली नाही, माझा पाय नाही. मी बरोबर होतो. तू चाळभर, टॉवरभर एवढ्या वस्तू केल्यास, सगळ्या चारही पायांवर उभ्या आहेत, आणि चुकलास तो माझ्याच टेबलात. आता बोल. काढ एखादं कारण. हवामान म्हण, लाकूड म्हण, गोंद म्हण. मी ऐकायला तयार आहे, कितीही वेळ.

मी जिंकलो, आणि हे सांगायला ज्याच्या दारात जायचं तो नाही. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. तुझी बाजू मांडायला कुणी नसताना निकाल जाहीर करणं बरं नाही, आणि माईकवरून तर नाहीच. कागदाला आवाज नसतो, म्हणून इथे सांगितलं. मिस्त्रीला विचारलं असतं तर पाच मिनिटांत त्याने नीट करून दिलं असतं. नाही विचारलं.

हे त्याच टेबलावर लिहितोय. मघाशी वैदेही चहा ठेवायला आली, जरा वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आज लिहिताना पाय हलवत नाहीस तू. बरा आहेस ना?"

म्हटलं, बरा आहे. गुडघ्याला काम लागलंय.